चौथ्या पातेल्यातलं दूध

आमच्या घरात दुधाला विरजण लावायची मला बंदी आहे. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून आहे. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावर दुधाचं पातेलं असलं, तर बायको मान वर न करता म्हणते, "लांबून जा." एकदा धाकटीनं विचारलं, "बाबांनी असं केलं होतं तरी काय?" तर ही म्हणाली, "उंदीर मारले होते," आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

तेव्हापासून पोरगी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघते. म्हणून आज सगळं सांगून टाकतो. उंदीर मी मारले हे खरं आहे. पण त्यांच्यामुळेच तिची आई माझ्या घरात आली, हेही तितकंच खरं आहे.

मी तेव्हा तेविशीत होतो. माझ्याकडे एक सायकल होती आणि तेल लावून पाडलेला भांग होता, आणि एवढ्या भांडवलावर मी स्वतःला देखणा समजत असे. घाटकोपरला चाळीत दोन खोल्यांत आई आणि मी. वडील लवकर गेलेले. अंधेरीच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात लशींवर काम करणारी एक लहानशी प्रयोगशाळा होती, तिथे मी सहायक म्हणून लागलो होतो. टेंपररी. रोज सकाळी कुर्ला रस्त्यानं सायकल हाणत जायचं, पांढरा कोट चढवायचा आणि दिवसभर काचेची भांडी, कोंबडीची अंडी नि पांढरे उंदीर यांच्यात वावरायचं. आईला मी अंड्यांचं सांगितलं नव्हतं. तिच्या समजुतीप्रमाणे मी "औषधाच्या कचेरीत" होतो. कोट मात्र ती शेजारणींना दिसेल असा गॅलरीत वाळत घालायची.

फ्लूची मोठी साथ नुकतीच येऊन गेली होती. आमच्या चाळीत तर बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं आडवी झाली होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या, त्यांना आम्ही सगळे नुसतं बाई म्हणत असू. किडकिडीत, सुती पातळ, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी अंड्यांत विषाणू वाढवून फ्लूवर लस केली होती आणि दोन वर्षं तिच्यामागे घालवली होती. साथीत त्या मला चाळीची खबर विचारायच्या. कोण कुठे झोपतं, कोणाला ताप जोरात आला, कोणाला नुसतंच नाक गळून गेलं. मी सांगायचो की एका खोलीत आठ माणसं कोंडून झोपतात त्यांचं सगळं बिऱ्हाड फणफणलं, आणि गॅलरीत वळकटी टाकणारे काका दोन शिंकांवर सुटले. त्या भराभर लिहून घ्यायच्या. "कोणाच्या अंगात पहिल्याच फटक्यात किती जंतू शिरले, त्यावर बरंच असतं रे," म्हणायच्या. मी मान डोलवायचो. मान डोलवण्यात माझा हात कोणी धरत नसे.

महिनाअखेरीला मला पर्मनंट करायचं की घरी पाठवायचं, ते बाई ठरवणार होत्या. आणि त्या एका शब्दावर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, कारण मी मुलुंडला मुलगी बघून आलो होतो.

बघून आलो म्हणजे काय, पार कामातून गेलो होतो. तिनं पोह्यांची बशी पुढे केली आणि विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?"

"संशोधन," मी म्हणालो.

"कशाचं?"

मला एकदम उंदीर आठवले, अंडी आठवली, आणि हातात त्यांच्या घरचे पोहे होते. "सूक्ष्म गोष्टींचं," मी म्हणालो.

ती ओठ दाबून हसली. त्या हसण्यावर मी मुलुंडहून घाटकोपरपर्यंत हात सोडून सायकल चालवली, आणि भांडुपला एका म्हशीनं मला गटारात घातलं. तरी शीळ चालूच होती.

तिचे वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी मला एकच प्रश्न तीन वेळा विचारला. "पर्मनंट कधी?" महिनाअखेरीला, मी तिन्ही वेळा सांगितलं. "मग महिनाअखेरीलाच पुढचं बोलू. त्याआधी एकदा घर बघून जाऊ. मुलीलाही आणतो. जिला राहायचंय तिनं बघितलेलं बरं."

आता उंदरांचं. लस चालते की नाही हे बघायची रीत साधी होती. निम्म्या उंदरांना लस टोचायची, निम्म्यांना नाही. काही आठवडे गेले की सगळ्यांच्या नाकात फ्लूच्या जिवंत विषाणूचा एकेक थेंब सोडायचा. लस चांगली असेल तर टोचलेले तरतात आणि बाकीचे आजारी पडून मरतात. पण थेंब किती जहाल असावा, याला माप होतं. मूळ द्राव फार कडक असायचा, म्हणून तो पायरीपायरीनं पातळ करायचा. स्टँडवर सहा टेस्टट्यूब ओळीनं मांडायच्या. पहिलीत मूळ द्रावाचा एक भाग नि नऊ भाग खारं पाणी. बाकीच्यांत नुसतं नऊ-नऊ भाग खारं पाणी. पहिलीतलं एक माप दुसरीत, दुसरीतलं तिसरीत, असं सहावीपर्यंत. आई पंगत वाढली की ताकात पाणी घालत जाते, तसंच. ही ने-आण पिपेटनं करायची. पिपेट म्हणजे लांब काचेची नळी. वरच्या टोकाला कापसाचा बोळा असायचा आणि तोंडानं ओढून ती भरायची. आजच्या पोरांना हे सांगितलं तर पोलीस बोलावतील, पण तेव्हा तशीच पद्धत होती.

हे काम वर्षानुवर्षं आमचे थोरले सहायक करत. कोकणातले, बोटांत बिडी फिरवत बोलणारे. घराचं छप्पर शाकारायला ते रजेवर गावी निघाले आणि जाताना मला म्हणाले, "सगळा तुझ्यार सोडून चललंय. एक सांगतंय, प्रत्येक ट्यूबीक नवी पिपेट घी हां. आळस करू नको, नायतर वाट लागतली."

"हो हो," मी म्हणालो.

पण मी वाढलो कोणाच्या हाताखाली? आमच्या चाळीत नळाला पाणी फक्त सकाळी. त्यामुळे घरात भांडं खरकटं करणं हा गुन्हा होता. एकाच पळीनं आधी आमटी, मग भाजी, मग खीर वाढली जायची. दुसरी पळी काढली की आई विचारायची, "घासायला कोण येणार आहे, गव्हर्नर?" सहा ट्यूबांसाठी सहा पिपेट खराब करायच्या, मग त्या उकळायच्या, धुवायच्या, बोळे घालायचे, हे मला उधळपट्टी वाटलं. मी एकाच पिपेटनं सहाही ट्यूब केल्या. मधे ती जराशी झटकायचो. झटकण्यात मी फार समाधानी होतो.

बाईंनी नेहमीच्या हिशेबानं सहाव्या ट्यूबमधला थेंब उंदरांच्या नाकात सोडला.

लस न टोचलेले उंदीर सहाव्या-सातव्या दिवसापासून आजारी पडून जातात, असा आजवरचा अनुभव. या खेपेला तिसऱ्या दिवशी सकाळी मी पिंजऱ्याशी गेलो तर निम्मे गेलेले. चौथ्या दिवशी उरलेलेही. आणि लस टोचलेलेसुद्धा त्यांच्या पाठोपाठ. दोन्ही पिंजरे सारखेच रिकामे.

बाई पिंजऱ्यापाशी किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "इतक्या लवकर?" एवढंच दोनदा म्हणाल्या. शनिवारी निघताना मला म्हणाल्या, "मंगळवारी मी अहवाल लिहून देते. लस निकामी. अंडी, बाटल्या, सगळं जाळून टाकू." आणि माझ्याकडे बघून, "तुझं काम नीट आहे हो. तुझं पर्मनंटचं मी करते."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. लशीचं वाईट वाटलं. नाही असं नाही. साधारण साकीनाक्यापर्यंत वाटलं. मग मुलुंडची मुलगी आठवली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चार वाजता मंडळी घर बघायला येणार होती. आईनं पहाटे केंद्रावरून आरे कॉलनीच्या दुधाच्या जादा बाटल्या आणून दूध तापवलं आणि चार पातेल्यांत काढून निवत ठेवलं. तीन दह्यासाठी, चौथं चहासाठी. मग ती शेजारी कपबशा मागायला निघाली. जाता जाता म्हणाली, "निवलं की विरजण लाव रे तेवढं. जमेल ना?"

जमेल ना. मला, शास्त्रज्ञाला.

सगळं दही एकदम लागून एकदम आंबणार, हे मला अडाणीपणाचं वाटलं. मी प्रयोगशाळेची रीत लावली. पहिल्या पातेल्यात चमचाभर विरजण घातलं, ढवळलं. त्यातलं चमचाभर दूध दुसऱ्यात. दुसऱ्यातलं चमचाभर तिसऱ्यात. म्हणजे पहिलं दुपारी लागेल, दुसरं त्यानंतर, तिसरं संध्याकाळी. बायकांना एवढ्या वर्षांत हे कसं सुचलं नाही, याचं मला नवल वाटत होतं. चौथ्या पातेल्यावर साय धरली होती. पाहुण्यांच्या चहात साय नको, म्हणून ती मी त्याच चमच्यानं काढली, दूध जरा ढवळलं, झाकण ठेवलं आणि भांग पाडायला गेलो.

चार वाजता दोघं आली. हेडक्लार्क सतरंजीवर बसून भिंती, छत, खुंट्या असं ओळीनं बघत होते. मुलगी अबोली रंगाचं पातळ नेसली होती. मला तिच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून मी तिच्या वडिलांकडे इतकं एकटक बघत होतो की ते अस्वस्थ झाले.

"काय हो?"

"काही नाही. पंखा लावू?"

"तुमच्याकडे पंखा कुठाय?"

नव्हताच. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "अगं बाई, फाटला."

दोन खोल्यांच्या घरात आतला आवाज म्हणजे बाहेरचाच. मी आत गेलो. चहाच्या पातेल्यात तपकिरी पाणी नि वर पांढऱ्या गुठळ्या. आई कुजबुजत होती, पण चाळीतलं कुजबुजणं, "पहाटे आणलेलं दूध रे. मी स्वतः तापवलं. इतकी वर्षं हे दूध घेते, असं कधी झालं नाही. आता काय देऊ यांच्यापुढे, माझं कपाळ?"

मागे कोणीतरी उभं होतं. मुलगी. घर बघायला आली होती ना, ती घर बघत होती.

तिनं चहात बघितलं, मग फळीवरच्या पातेल्यांवरची झाकणं एकेक करून उचलली. पहिल्यातलं दही लागून आंबटही झालं होतं, कडेला पाणी सुटलेलं. दुसरं घट्ट. तिसरं नुकतंच लागलेलं, अजून हलत होतं. चौथ्यात चहाचं उरलेलं दूध. ते तिनं हुंगलं.

"हे कोणी लावलं?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हणालो. "पायरीपायरीनं पातळ केलंय. विरजण जेवढं कमी, तेवढा उशीर."

"ते दिसतंय. याच्यात किती घातलंत?" तिनं चौथ्यावर बोट ठेवलं.

"त्यात काहीच नाही. चहाचं दूध ते. नुसती साय काढली."

"कशानं?"

"चमच्यानं."

"कुठल्या?"

मी पहिल्या पातेल्याशी पडलेल्या चमच्याकडे बघितलं. आई बोलली. "तोच चमचा फिरवलास सगळ्यात? विरजणाचा?"

"तूच म्हणतेस ना, भांडी कमी काढ म्हणून?"

"अरे, बाकी सगळ्याला म्हणते. विरजणाचा चमचा दुधाला लावतात का कधी? एवढं तर परकरी पोरीला कळतं. त्या चमच्याला चिकटलेलंच पुरतं उन्हाळ्यात."

आणि मला फळीवर चार पातेली दिसेनात. मला सहा टेस्टट्यूब दिसायला लागल्या. एकच पिपेट, आत-बाहेर कडक द्राव चिकटलेला, एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत तोच ओढत नेलेला. सहावी ट्यूब पातळ नव्हतीच. बाई थेंब समजून भांडंभर विष सोडत होत्या. पहिलं पातेलं दुपारच्या आतच लागलं, तसे पिंजऱ्यातले जीव तिसऱ्या दिवशीच गेले.

"उंदीर," मी ओरडलो.

बाहेर हेडक्लार्कांनी पाय सतरंजीवर ओढून घेतले. "कुठाय?"

"इथे नाहीत. अंधेरीला. मेले. मी मारले."

मला हसू यायला लागलं आणि थांबेना. दोन वर्षं बाई ज्याच्या मागे होत्या, ते चांगलं असेल. निदान वाईट ठरलेलं नव्हतं. मी आई, मुलगी, हेडक्लार्क या तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं. पिपेट, उंदीर आणि, आता काय उरलंय म्हणून, अंडीसुद्धा. अंड्यांपाशी आई भिंतीला टेकली.

हेडक्लार्क सगळं ऐकून म्हणाले, "हे तुमच्या बाईंना माहीत आहे?"

"नाही. आपल्या चौघांनाच."

"उद्या जाऊन सांगितलंत तर?"

"पर्मनंट होणार नाही. बहुतेक घरीच पाठवतील."

ते छताकडे बघायला लागले. मग मुलीनं विचारलं, "आणि नाही सांगितलंत तर?"

"परवा लस जाळून टाकतील."

तिनं पातळाच्या पदरानं चहाचं पातेलं उतरवलं आणि मोरीत ओतलं. "मावशी," ती आईला म्हणाली, "बिनदुधाचा टाका चहा. लिंबू आहे ना?"

तो काळा चहा आम्ही चौघांनी घेतला. पुढचं बोलणं कोणीच काढलं नाही. जिन्यापर्यंत पोहोचवायला गेलो, तर हेडक्लार्क नुसतं "बरं" म्हणाले.

सोमवारी बाई टेबलाशी बसून अहवालाचा कच्चा मसुदा करत होत्या. मी कोट न घालताच समोर उभा राहिलो. म्हटलं, नाहीतर काढायलाच लावतील.

"बाई, मी एकच पिपेट वापरली."

त्यांनी चष्मा काढला. "कधी?"

"सगळ्या वेळा."

"करून दाखव."

मी साध्या पाण्यावर करून दाखवलं. झटकूनही दाखवलं. झटकताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तुझ्या लक्षात कसं आलं?"

"आमचा चहा फाटला."

मग मी पातेल्यांचं सांगितलं. सांगता सांगता बाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या, आवाज न करता, चष्मा हातात धरून. "चमचा कुठला, हे विचारलं कोणी? तू नव्हेस खास."

"मुलुंडच्या मुलीनं. म्हणजे अजून ठरलेलं नाही."

"तिला पाठव इथे. तू घरी बस." मग त्या एकदम गंभीर झाल्या. "हे बघ. लस म्हणजे काय, तर घराला आधी सांगून ठेवणं. पाहुणे येतील, तयारीत राहा. दोन पाहुणे आले तर तुझी आई पोहे वाढवून भागवेल. पण सगळं वऱ्हाड एकदम दारात उभं राहिलं तर? सांगून ठेवलेलं असूनही तिला चूल पेटवायला वेळ लागणार की नाही? तेवढ्यात वऱ्हाड घर खाऊन जाईल. आपण वऱ्हाड पाठवलं आणि म्हणालो, यजमान नालायक." त्यांनी मसुदा उलटा ठेवला. "ते मेलेले उंदीर वहीत लिही. मात्रा फार जास्त, लस असूनही टिकले नाहीत. हेही कळायलाच हवं होतं. आणि काही उंदीर टोचून राखून ठेवलेत मी. त्यांच्यावर पुन्हा करू. पिपेट सहा. मी मोजणार आहे."

त्यांनी खरंच मोजल्या. माझ्यामागे उभं राहून, एक, दोन, तीन म्हणत.

त्यानंतरचे दिवस मी प्रयोगशाळेत चालत नव्हतो, तरंगत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी सायकल भिंतीवर फेकून आत धावलो. दोन्ही पिंजऱ्यांत सगळे जिवंत. मी एका उंदराला नमस्कार केला. सहाव्या दिवशी लस न टोचलेले कोपऱ्यात केस फुलवून, अंग आकसून बसले आणि एकेक करून जायला लागले. टोचलेल्यांपैकी दोघं-तिघं जरा मलूल झाले, एवढंच. दहाव्या दिवशी ते भिजवलेल्या चण्यांवरून भांडत होते. बाईंनी मला हाक मारली आणि आम्ही दोघं पिंजऱ्यासमोर उकिडवे बसून ते भांडण बघत राहिलो. मग बाई म्हणाल्या, "चहा सांग. दुधाचा."

थोरले सहायक रजेवरून परतले आणि त्यांच्या कानावर सगळं गेलं. त्यांनी माझ्याकडे बघून बिडी एका कानावरून दुसऱ्यावर नेली. "माका वाटलाच होता," एवढंच म्हणाले, आणि पिपेटांच्या कपाटाला कुलूप घातलं.

पर्मनंट मी झालो नाही. बाईंनी नोकरी ठेवली, पण टेंपररीची मुदत सहा महिन्यांनी वाढवली. झालं ते त्यांनी सगळं कागदावर लिहिलं होतं, माझी चूक माझ्याच शब्दांत. तो कागद घेऊन मी मुलुंडला गेलो. सायकल हळू चालवली. हातही सोडले नाहीत.

हेडक्लार्कांनी कागद दोनदा वाचला, एकदा चष्म्यातून आणि एकदा चष्म्यावरून.

"हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत?"

"हो."

"कोणी विचारलेलं नसताना?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "कचेरीत इतकी वर्षं काढली मी. स्वतःची चूक स्वतः लिहून देणारा माणूस एक बघितला नाही. असा माणूस पर्मनंट होणं कठीण आहे." ते थांबले. मी उठायला लागलो. "पण जावई म्हणून चालेल मला. हिला विचारा."

ती दाराआडच होती. बाहेर आली नाही, तिथूनच म्हणाली, "तुमच्या घरी चमचे किती आहेत?"

मी मनात मोजले. "सात. एक वाकडा."

"मी येताना आणते," ती म्हणाली.

डझनभर आणले. सगळ्यात लहान चमच्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून तो तिनं वेगळ्या खिळ्याला अडकवला, माझा हात पोहोचणार नाही इतक्या उंचावर. तो खिळा घाटकोपरच्या घरात होता, या घरातही आहे. मी आता पर्मनंट आहे, पुढच्या वर्षी रिटायर होईन, हाताखाली चार पोरं आहेत आणि प्रत्येक ट्यूबला नवी पिपेट घेतली की नाही हे मागे उभं राहून मोजतो. पण खिळा अजून तेवढ्याच उंचीवर आहे.